डाळिंबी ठिपका

जुनं मॉड्यूल अगदी बिनबोभाट बाहेर आलं. इतकी वर्षं त्या खणात घट्ट बसलेली वस्तू थोडी तरी कुरकुरेल, निदान हाताला हिसका देईल असं त्याला वाटलं होतं. पण दोन्ही बाजूंच्या क्लिपा दाबल्या आणि ते सरळ त्याच्या तळहातावर येऊन बसलं. वजन जेमतेम एखाद्या जाड पुस्तकाइतकं. हिरव्या पट्टीवर धुळीचा थर, कोपऱ्यात फुगलेले दोन कपॅसिटर, आणि खालच्या कडेला ओळीनं छोटे पितळी स्क्रू. एकदा नीट जुळवलेला स्क्रू पुन्हा कुणी फिरवू नये म्हणून त्यावर लाखेचा थेंब सोडायची इथली पद्धत होती. थेंब तडकलेला दिसला की कुणीतरी हात लावला हे समजायचं. सगळ्या स्क्रूंवर स्टोअरमधल्या लाखेचे तपकिरी थेंब होते. शेवटच्यावर मात्र डाळिंबी ठिपका होता. तो दिसताच त्याचा अंगठा त्यावर थबकला, आणि का थबकला ते त्याला लगेच कळेना. मागे मॉड्यूल बनवणाऱ्या कंपनीचा माणूस नवं मॉड्यूल वेष्टनातून सोडवत उभा होता. काही अडलं का सर, असं त्या माणसानं अदबीनं विचारलं. काही नाही, असं म्हणून त्यानं जुनं मॉड्यूल बाजूच्या खोक्यात ठेवलं, भंगारात जायच्या बाकीच्या मॉड्यूलांवर. मग रंग ओला असल्यासारखा अंगठा रुमालाला पुसला. अंगठ्याला नुसती धूळ होती.

पॅनेलच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय हे इथे कधीच कळत नसे. गार हवा, पायाखाली केबलींवर टाकलेली पोकळ फरशी, आणि कपाटांमधल्या पंख्यांचा एकसुरी आवाज. तो आवाज नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या डोक्यात शिरला आणि मग तिथेच राहायला आला. सुट्टीच्या दिवशी घरी पडल्या पडल्याही तो ऐकू येई, आणि त्याला बरं वाटे. आज एकेक कपाट बंद होत होतं तसा तो आवाज विरळ होत होता. ही मॉड्यूलं बनवणं कंपनीनं केव्हाच सोडलं होतं. गेल्या वर्षी एक मेलं, तेव्हा भंगारातल्या दुसऱ्याचे अवयव काढून त्याला लावले आणि गाडी कशीबशी हाकली. आता नवी आली होती: चपटी, राखाडी, स्क्रूबिक्रू काही नाही. काम मात्र तेच. भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये वाफेवर फिरणारं टर्बाइन किती वेगानं फिरतंय ते बघायचं, आणि वेग चुकला की वाफेची झडप थोडी उघडायची किंवा मिटायची. एवढंच. एवढंच काम जन्मभर न कंटाळता करणाऱ्या त्या पेटीबद्दल त्याला एक प्रकारची आपुलकी होती.

'चारनंतर संध्याकाळच होते,' बायको सकाळी म्हणाली होती. ते वाक्य कपाटाच्या उघड्या दारातून त्याच्याकडे बघत होतं. सकाळी ती जेवणाच्या टेबलाशी बसून कुणाच्या तरी वरच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा कानशीनं घासत होती. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करणं हे तिचं काम, आणि घाईचं असलं की ती ते घरी आणायची. घरात सगळीकडे परक्या माणसांचे दात. फ्रिजवर, खिडकीत, टीव्हीशेजारी. पाहुण्यांना आधी दचकायला होई आणि मग हसू येई. मोठ्या शहरातल्या एका मोठ्या लॅबनं तिला बोलावलं होतं. कवळ्यांचा सगळा विभाग तिच्या हाती देणार होते. तिकडेच राहावं लागणार होतं. कानशीवरची पांढरी भुकटी फुंकून तिनं वर न बघता विचारलं, 'त्यांना आज चारपर्यंत कळवायचंय. तुला काय वाटतं? मी जाऊ?' त्यानं चहाचा घोट घेतला. घोट गिळून झाला तरी तो गिळतच राहिला. 'बघू,' तो म्हणाला. 'संध्याकाळी बोलू सावकाश.' तेव्हा ती ते वाक्य म्हणाली आणि पुन्हा घासू लागली. खालचा जबडा टेबलावर पालथा पडला होता. वरचा आणि खालचा एकमेकांवर नीट बसेपर्यंत ती घासत राहायची, थोडंसं घासून थांबायची, बसवून बघायची. जरा जास्त घासलं गेलं तर सगळंच फुकट, असं ती नेहमी सांगायची.

कंट्रोल रूममध्ये त्याच्या माघारी त्याला बघूसाहेब म्हणत. हे त्याला ठाऊक होतं आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नसे, कारण त्याच्या धंद्यात बघू म्हणणारा माणूसच टिकतो; घाईनं बटण दाबणारे कुठे गेले ते विचारू नये. पण घर म्हणजे काही कंट्रोल रूम नव्हे, हे कळायला त्याला उशीर झाला होता. मुलगी लहान असताना बायकोला असंच एक बोलावणं आलं होतं, दुसऱ्या एका लॅबकडून. तेव्हाही तिनं विचारलं होतं आणि तेव्हाही तो बघू म्हणाला होता. बघता बघता आठवडा गेला, मग महिना गेला, आणि ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. ती एका शब्दानं काही बोलली नाही. त्याला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं होतं: बरं झालं, आपोआप मिटलं. आपोआप काही मिटत नसतं, हे तो यंत्रांच्या बाबतीत लोकांना शिकवायचा.

खिशातून फोन काढून त्यानं 'नको जाऊस' असं टाईप केलं आणि बघत राहिला. नको म्हटलं आणि ती थांबली, तर तिचं उरलेलं आयुष्य आपल्या डोक्यावर. नको म्हटलं आणि ती तरीही गेली, तर मग आपल्याकडे काहीच उरलं नाही. म्हणून त्यानं ते पुसलं. 'जा' असं लिहून बघितलं. ते अक्षर इतकं एकटं दिसलं की तेही त्यानं पुसलं. खरं म्हणजे ती जाऊ नये असं त्याला वाटत होतं, अगदी सकाळपासून, चहाच्या घोटाच्याही आधीपासून. हे त्याला स्वच्छ माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट तोंडापर्यंत यायला मध्ये कुठेतरी फार लांबचा रस्ता होता. सर, जोडण्या झाल्या, असं कंपनीचा माणूस म्हणाला, आणि त्यानं फोन खिशात टाकला.

टर्बाइन जागं करताना त्याला अजूनही लहान मुलासारखं वाटे. वाफ आत सोडली की आधी काहीच होत नाही. मग पायाखालची जमीन किंचित मऊ झाल्यासारखी वाटते. मग फार दूरवर कुणीतरी जड पलंग सरकवतंय असा आवाज. मग तो आवाज हळूहळू चढत, बारीक होत होत माणसाच्या दातांत येऊन बसतो. तो हॉलमध्ये कठड्याला हात टेकून उभा राहिला. गरम तेलाचा वास आला. या वासानं त्याला दरवेळी झोप यायची, गोड, दुपारची, आणि त्या झोपेत तो पुष्कळदा उभ्या उभ्या कुठल्याकुठे जाऊन यायचा. आता तो लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत गेला. एकच खिडकी, तिच्याशेजारी ड्रेसिंग टेबल म्हणून उभं केलेलं खोकं, त्यावर आरसा, कंगवा, आणि बाटल्या. ती खिडकीत पाय वर घेऊन बसली आहे आणि नखांना रंग लावते आहे, एकेका नखावर फुंकर मारते आहे. खोलीभर तो उग्र, गोडसर वास. त्याला तो वास आत्ता, तेलाच्या वासात, अगदी स्पष्ट आला. डाळिंबी रंग. त्याचे डोळे उघडले.

हॉलमधला आवाज बदलला होता. वेग पूर्ण झाला होता, पण तो ठरत नव्हता. आवाज चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. झोक्यावर बसलेल्याला मागून कुणीतरी सारखं ढकलत असावं तसा. तो धावत कंट्रोल रूममध्ये आला. शिफ्ट इनचार्ज बाई पडद्यासमोर उभ्या होत्या, त्यांचा एक हात बंद करायच्या बटणाजवळ. पडद्यावर वेगाची रेघ नागमोडी चालली होती आणि दर वळणाला थोडी थोडी मोठी होत होती. 'साहेब, सांगा लवकर,' त्या म्हणाल्या. त्यानं वेग खाली उतरवायला सांगितलं, आणि यंत्र कण्हत खालच्या वेगावर येऊन थांबलं. कंपनीच्या माणसानं नव्या मॉड्यूलमधला एकेक आकडा जुन्या कागदांशी ताडून पाहिला. सगळे तंतोतंत तेच होते. तो माणूस हुशार होता आणि कष्टाळूही, त्याच्या बोलण्यात कुठे मिजास नव्हती. त्याचं म्हणणं एवढंच की नवं मॉड्यूल बरोबर वागतंय, पण वाफेची झडप जुनी झाली आहे; ती उघडून पाहावी लागेल. म्हणजे काही आठवडे यंत्र बंद. शिफ्ट इनचार्ज बाईंनी कपाळाला हात लावला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते, आणि ते फक्त त्यालाच दिसत होतं.

झडप जुनी नव्हती. म्हणजे आता जुनी होती, पण पहिल्या दिवसापासून ती अशीच होती: जरा आळशी, सांगितलेलं उशिरा करणारी. हेच हेलकावे त्यानं पूर्वी ऐकले होते. तेव्हा यंत्र नवं कोरं होतं, तोही नवा होता, आणि असंच ते सारखं वर-खाली झुलत होतं. वेग चुकला की मॉड्यूल झडपेला सांगे, हल. झडप हलेपर्यंत मॉड्यूलला धीर निघत नसे, ते पुन्हा सांगे, हल. मग झडप एकदम दोन्ही वेळचं हले, आणि वेग दुसऱ्या टोकाला जाई. तेव्हा त्यानं मॉड्यूलची घाई कमी केली होती. घाई किती करायची हे तो शेवटचा स्क्रू ठरवत असे. केसभर फिरवायचा आणि ऐकत बसायचं, पुन्हा केसभर. कागदावरच्या आकड्यापासून तो कितीतरी लांब गेला, आणि मग एका क्षणी आवाज सरळ झाला. भर दुपार होती. त्या सरळ आवाजात तो कितीतरी वेळ नुसता उभा होता, डोळ्यांत पाणी येऊन. मग थेंब सोडायला लाख बघितली तर स्टोअरमधली बाटली वाळून दगड झालेली. स्क्रू तसा उघडा ठेवायचा त्याला धीर होईना. जेवायच्या सुट्टीत तो सायकलवरून घरी गेला, ती लॅबमध्ये होती, आणि आरशापुढची बाटली खिशात घालून परत आला.

बाटली परत ठेवायचं तो विसरला. तिनं सगळं घर पालथं घातलं आणि संध्याकाळी ती बाटली त्याच्या शर्टाच्या खिशात सापडली. दुसऱ्या कुणाच्या संसारात यावर महाभारत झालं असतं. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली होती, 'कोण आहे ती?' त्यानं सगळं सांगितलं, झडपेपासून लाखेपर्यंत, त्याच्या त्या कंटाळवाण्या क्रमानं, आणि ती हसत हसत खाली बसली. 'म्हणजे माझ्या सवतीनं माझंच नेलपॉलिश लावलंय!' त्यानंतर तो घरी आला की ती दारातच विचारायची, सवत कशी आहे? तोही सांगायचा: आज तापली होती, आज रुसली होती, आज तिचं तेल बदललं. कामावरून फोन केला आणि तो 'निघालोच' म्हणाला की ती म्हणे, म्हणजे सवतीनं हात धरलाय तर. आणि ते खरंच असे. निघालोच म्हटल्यावर तासाच्या आत तो कधी निघाला नाही. हे विचारणं कधी थांबलं? त्यानं आठवून पाहिलं. मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर? त्या पहिल्या बोलावण्यानंतर? एखाद्या संध्याकाळी तिनं शेवटचं विचारलं असणार, आणि त्यानं काहीतरी पुटपुटून चपला काढल्या असणार, आणि ती शेवटची वेळ होती हे दोघांनाही कळलं नसणार. त्याला ती संध्याकाळ आठवेना. खूप वाईट वाटलं.

खोक्यातून त्यानं जुनं मॉड्यूल काढलं आणि टेबलावर कागद पसरून त्यावर आडवं ठेवलं. आकडे कागदावरून घेतले गेले होते, सगळ्यांनी मिळून, त्यानं स्वतः सही करून. स्क्रूला कुणी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की आपण काही फिरवलं होतं हेच तो विसरून गेला होता. मीटरची दोन टोकं त्यानं स्क्रूच्या पायांना टेकवली. ठिपक्याला धक्का लागू नये म्हणून श्वास धरला. रंग कडेला थोडा तपकिरी झाला होता, पण मध्ये अजून डाळिंबीच होता, आणि कुठेही तडा नव्हता. मीटरवर आकडा आला. कंपनीच्या माणसानं तो बघितला, हिशेब केला, पुन्हा केला.

'सर, हे फारच सावकाश आहे.'

'हो,' तो म्हणाला. 'तिला घाई चालत नाही.'

कंपनीच्या माणसानं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, आणि वाद न घालता आकडा भरला.

वेग पुन्हा चढवला. सगळे पडद्यासमोर, आणि तो एकटा कठड्याशी. जड पलंग, मग बारीक होत जाणारा आवाज, मग दातांत तो सूर. थोडा चढला. त्याचा हात कठड्यावर आवळला. थोडा उतरला, त्याहून कमी चढला, त्याहूनही कमी उतरला, आणि मग सरळ झाला. अगदी सरळ. तळपायातून वर येऊन तो आवाज त्याच्या सबंध अंगात पसरला, आणि त्याला वाटलं आपण त्या पहिल्या खोलीतच आहोत, खिडकीत ती बसली आहे, नखं वाळायची आहेत, आणि घाई कसली म्हणून नाहीच. किती सुंदर होतं ते सगळं. किती वेळ तो तसा उभा राहिला कुणास ठाऊक. आत आला तेव्हा शिफ्ट इनचार्ज बाई सगळ्यांसाठी चहा सांगत होत्या, कंपनीचा माणूस हसऱ्या चेहऱ्यानं घाम पुसत होता, आणि चार वाजून गेले होते.

त्यानं चहा घेतला नाही. पॅनेलच्या खोलीत जाऊन दार लोटलं आणि फोन लावला. पंख्यांचा आवाज आता नव्हताच. नवी मॉड्यूलं मुकी होती. त्या शांततेत फोनची घंटी फार मोठी वाटली. तिनं उचलला. मागे कानशीचा आवाज नव्हता, म्हणजे ती नुसती बसली असावी. 'बोल,' ती म्हणाली. त्यानं विचारलं, कळवलंस का. जेवायच्या आधीच कळवलं, हो म्हणून, असं ती म्हणाली. तिचा आवाज साधा होता. त्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

'चारपर्यंत वेळ होता ना?'

'होता. पण चारपर्यंत थांबले असते तर मी पाचपर्यंतही थांबले असते. मला माझं माहीत आहे.'

मग दोघंही गप्प. ही गप्प राहायची जागा त्याच्या ओळखीची होती. इथे ती नेहमी थांबायची, तो काहीतरी बोलेल म्हणून, आणि मग तो अडचणीत सापडलाय असं पाहून स्वतःच काहीतरी दुसरं काढून त्याची सुटका करायची. इतकी वर्षं ती असंच करत आली होती आणि त्यानं ती सुटका मुकाट्यानं घेतली होती. आजही तिनं तेच केलं. पण बोलली ते मात्र कितीतरी वर्षांत बोलली नव्हती.

'माझी सवत कशी आहे?'

'ती बरी आहे. मी नाही.'

हे कुणी म्हटलं ते त्याला क्षणभर कळलं नाही. मधला सगळा लांबचा रस्ता गाळून शब्द बाहेर पडले होते, आणि आता मागोमाग बाकीचेही आले. 'तू जाऊ नयेस असं मला वाटतं. सकाळीच वाटत होतं. मागच्या वेळीही वाटत होतं, तेव्हाही बोललो नाही, आणि ते तुझ्या गळ्यात पडलं. तुझ्याशिवाय त्या घरात मी काय करू? सगळीकडे नुसते दात.'

आता गप्प राहायची पाळी तिची होती. तो थांबला. फरशीखालून यंत्राची थरथर येत होती, सरळ, न चुकता. तिकडे काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं आणि ते घाईनं जाणून घेण्याचा कुठलाही मार्ग नव्हता. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला, किंवा तसा भास झाला.

'हे सकाळी बोलला असतास तर,' ती म्हणाली.

'तर गेली नसतीस?'

'गेलेच असते,' ती म्हणाली. 'पण हसत गेले असते.'

त्याला खुर्चीवर बसावं असं वाटलं, पण खोलीत खुर्ची नव्हती. टेबलावर जुनं मॉड्यूल तसंच आडवं पडलं होतं. ते भंगारात जाणार नाही, एवढं त्यानं ठरवलं, आणि इतकं चटकन ठरल्याचं त्यालाच नवल वाटलं. कधी जायचंय, त्यानं विचारलं. पुढच्या आठवड्यात, ती म्हणाली; सामान बांधायचं आहे, साचे कुठे ठेवायचे ते ठरवायचं आहे, एकटीनं होण्यासारखं नाही. मग थोडं थांबून तिनं विचारलं, आज तरी वेळेवर येशील का.

'निघालोच,' तो म्हणाला. पलीकडे ती हसली, सवयीनं, अविश्वासानं. त्यानं मॉड्यूल काखेत घेतलं आणि फोन तसाच कानाला धरून खरोखरच जिना उतरू लागला.